ताईच्या कळांसाठी उघडलेली कुलुपं

ताईची पहिली मुलगी पायाळू होती, म्हणून सिझर करावं लागलं. त्यानंतर दीड महिना तिला उठता-बसता कुणाचा तरी हात लागायचा. पाळण्यातली लेक रडली की ती आधी आईला हाक मारायची आणि मग स्वतःच रडायची. या खेपेला तिचा एकच हट्ट होता, जमत असेल तर नॉर्मल.

तारीख उलटून आठवडा झाला तरी कळांचा पत्ता नव्हता. चामटोलीहून आम्ही तिला उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी जुन्या ऑपरेशनचे कागद नीट वाचले. घरात कॉलेजला जाणारी मी एकटीच, म्हणून आई माझ्याकडे बघत होती. काय करावं न सुचून मी वही काढली.

"लिखो बेटा, लिखो," डॉक्टरबाई हसल्या. "आधीचा टाका आहे, म्हणून कळांच्या गोळ्या नाही द्यायच्या. आज फुगा लावू, त्याने पिशवीचं तोंड हळूहळू उघडेल. उद्या सलाईनमधून थोडं थोडं औषध. बाळाचे ठोके सतत बघणार. काही गडबड वाटली तर लगेच ऑपरेशन. मंजूर?"

"मंजूर," ताई म्हणाली. माझं लिहून व्हायचं होतं.

सकाळी फुगा निघाला, सलाईन सुरू झालं. आईने बाहेर येऊन बाबांना फोन लावला. "अहो, घरातली सगळी कुलुपं उघडा. डब्यांची झाकणंसुद्धा काढा." बाळंतिणीचं अडू नये म्हणून आमच्याकडे असं करतात. बाकावर इतर लोक होते, मला लाज वाटली.

"आई, हळू बोल ना. डॉक्टर काय म्हणतील?"

"मी काय त्यांचं सलाईन बंद करायला सांगितलं?"

अर्ध्या तासाने बाबांचा फोन आला. त्यांनी गोठ्याचं दारही उघडलं होतं आणि शेळ्या शेजारच्या काकूंच्या मेथीत शिरल्या होत्या.

"काकू शिव्या देतायत गं."

"देऊ देत. पेढे पहिले त्यांनाच देईन म्हणावं."

आम्ही हसत होतो तेवढ्यात आतल्या मशीनमधला ठोक्यांचा आवाज मंदावला. सिस्टर धावत आत गेली. वहीत मी 'लगेच ऑपरेशन' लिहिलं होतं, तेच दिसत राहिलं. मग कुणी बघत नाही असं पाहून मी माझ्या कॉलेजच्या बॅगेच्या सगळ्या चेन उघडल्या. कंपासपेटीसुद्धा.

ताईला कुशीवर वळवल्यावर ठोके सावरले. दुपारी मुलगी झाली. नॉर्मल. आई सिस्टरच्याच गळ्यात पडली.

संध्याकाळी भावोजी मोठीला घेऊन आले. ती दारातूनच धावत सुटली. "अगं, सांभाळून," म्हणत आई मध्ये हात घालायला गेली. ताईने तो बाजूला केला, खाटेवरून स्वतः वाकली आणि लेकीला उचलून मांडीवर घेतलं.

"केवढी जड झालीस गं," ती म्हणाली, आणि तिला खाली ठेवायला तयारच होईना.