जाऊबाईंचं नाक

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळी गल्ली 'नाक' म्हणायची. तोंडावर 'वहिनी', पाठ वळली की 'नाक'. नाक मोठं होतं म्हणून नव्हे. तसं असतं तर मीच पहिली बोलले असते, माझ्या जिभेला कुठे हाड आहे? आमचं सुगंधी तेलांचं दुकान त्या नाकावर चालायचं, म्हणून.

दुकान दोघा भावांचं. थोरले भाऊजी काउंटरवर, आमचे हे माल आणायला, मी लेबलं चिकटवायला आणि जाऊबाई मागच्या खोलीत तेलं मिसळायला. थंडी पडली की आमची सुगी. वाफेसाठी नीलगिरी आणि पुदिना, झोप लागत नाही त्यांना उशीवर टाकायला लव्हेंडर आणि त्यात नावापुरती लवंग, ठणकणाऱ्या गुडघ्यांना खोबरेल तेलात घातलेली लवंग. जाऊबाई कुणाला थापा मात्र मारायच्या नाहीत. "तेलाने सर्दी जात नाही हो, ती तिच्या वेळेला जाते. तोवर जिवाला जरा बरं वाटतं, एवढंच." कुणी तान्हं बाळ घेऊन आलं की "याच्या नाकाजवळ हे न्यायचं नाही, आधी डॉक्टरला दाखवा" म्हणून सरळ परत पाठवायच्या. भाऊजींचा तिळपापड व्हायचा. आलेलं गिऱ्हाईक घालवते म्हणजे काय!

मिश्रण झालं की त्या कागदाची पट्टी त्यात बुडवायच्या, नाकाखालून एकदा फिरवायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. "बसलं." किंवा "नाही बसलं." बसलं म्हणजे सगळी तेलं एकमेकांत नांदायला लागली, कुणी कुणावर वरचढ नाही. मी म्हणायचे, "अहो, तेलांचं बसतं, आपल्या घरातल्या माणसांचं कधी बसायचं?" त्या पट्टीनेच मला टपली मारायच्या. त्यांनी 'बसलं' म्हटल्याशिवाय एक बाटली भरली जायची नाही. भाऊजी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, "आमच्या मंडळींनी स्वतः हुंगून पास केलंय!" लेबलावरसुद्धा छापलं होतं, 'वहिनींच्या नाकाची खात्री'.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाशीच जाऊबाईंना ताप आला. चांगला सडकून आला. उतरल्यावर लगेच त्या कामाला लागल्या, कारण हंगाम थांबतो थोडाच. एका दुपारी मी वर त्यांच्या स्वयंपाकघरात गेले तर गॅसवर दूध करपून कोळसा झालेलं, आणि या बाई त्याच्याकडे पाठ करून निवांत भाजी निवडत बसलेल्या.

"अहो, दूध!" मी धावत जाऊन गॅस बंद केला.

त्यांनी वळून पातेल्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "तुला वास आला?"

"अहो, जिन्यापर्यंत येतोय!"

"मला नाही आला गं. तापापासून काहीच येत नाही. साबण नाही, लवंग नाही, काही म्हणता काही नाही."

मी पातेलं खाली उतरवलं. "आणि दुकानात रोज बसलं, बसलं म्हणताय ते?"

"हाताला सवय आहे, थेंब मोजून टाकते. पट्टी नाकाखाली धरते आणि म्हणते." मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "यांना सांगू नकोस. नाक गेलं तर माझं त्या दुकानात काय उरलं?"

डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. ते म्हणाले, तापानंतर होतं असं. काहींचा वास परत येतो, काहींचा नाही. ओळखीचे वास रोज हुंगत राहा आणि वाट बघा. जाऊबाई बिचाऱ्या दुपारच्या सामसुमीत एकेक बाटली उघडून नाकाशी धरायच्या आणि माझ्याकडे बघून मान हलवायच्या. मी म्हटलं, तोवर मी हुंगून सांगते. हुंगलं, तर मला सगळंच सर्दीच्या मलमासारखं लागलं. "गाढवाला गुळाची चव काय," मीच म्हटलं. हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही.

त्यांना खरी धास्ती होती ती मालाची. नीलगिरी दर खेपेला वेगळी येते, एकदा तिखट, एकदा मवाळ. लवंगेचंही तेच. माप तेवढंच ठेवलं तर मिश्रण बदलतं. नाक असताना त्या एखादा थेंब इकडे, एखादा तिकडे करून सांभाळून घ्यायच्या. आता अंधारात तीर. तरी माल खपत होता. लोक येऊन सांगत होते, वहिनी, काय छान वाटतं हो तुमच्या तेलाने! पहिल्या पहिल्यांदा जाऊबाईंना हायसं वाटलं. मग हळूहळू त्यांचं जेवण तुटलं.

"एकालाही कळत नाही गं," एकदा बाटल्या पुसता पुसता त्या म्हणाल्या. "यांनासुद्धा नाही. मग इतकी वर्षं मी कुणासाठी जीव ओतत होते?"

मला तरी कुठे कळलं होतं?

कळलं ते एकट्या घड्याळवाल्या आजोबांना. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करायचे ते. थंडीत त्यांची झोप उडायची, म्हणून दरवर्षी उशीसाठी बाटली न्यायचे. एका सकाळी ऐन गर्दीत ते बाटली परत घेऊन आले.

"यात लवंग पुढे आलीय," ते म्हणाले. "दरवर्षी ती मागे असते, असून नसल्यासारखी. यंदा नाकात बसते आणि झोपू देत नाही. वहिनी आजारी आहेत का?"

भाऊजी खवळले. "अहो, मंडळींनी स्वतः हुंगून पास केलंय! वय झालं की नाकं फिरतात माणसांची."

आणि जाऊबाई पडदा सारून बाहेर आल्या. मी मागून त्यांचा पदर ओढत होते, पण त्या थांबल्या नाहीत. "त्यांचं बरोबर आहे," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मला वास येत नाही. तापापासून येत नाही. हे मिश्रण बसलेलं नाहीये."

मला वाटलं, आता तरी भाऊजी विचारतील, अगं, कधीपासून? बोलली का नाहीस? त्यांनी जाऊबाईंना हाताला धरून आत नेलं आणि दातओठ खात म्हणाले, "चार लोकांत नाक कापलंस माझं!"

माझं नाक म्हणे! मला त्याच क्षणी तिथली बाटली फोडावीशी वाटली.

पुढचं सगळं पटापट झालं. भाऊजींनी जाऊबाईंना समोर बसवून एकेका तेलाचं माप वदवून घेतलं. बाजारातून काचेची मापाची नळी आली, मिसळायला एक पगारी बाई आली. आमचे हे मूग गिळून बसले. मी तोंड उघडलं तर भाऊजींनी मलाच ऐकवलं, "तिला आराम नको का?" लेबल मात्र तेच राहिलं, वहिनींच्या नाकाची खात्री. विक्री तसूभरही कमी झाली नाही. जाऊबाई घरी बसल्या, आणि दूध करपलं की भाऊजींची बोलणी खात राहिल्या. त्या रोज विचारायच्या, आज काय भरलं? आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे.

पुढच्या थंडीत एकदा आम्ही दोघी जिना चढत होतो. त्या मध्येच थबकल्या. "कुणीतरी लवंग सांडलीय का गं?"

माझ्या हातातल्या पिशवीत एक बाटली गळत होती. मी तिथेच त्यांना मिठी मारली. दोघीही रडलो. मग त्यांनी घरभर फिरून साबण हुंगला, कपडे हुंगले, माझं डोकं हुंगलं आणि म्हणाल्या, "तेल लाव की जरा, कोरडं पडलंय."

दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून त्या माझ्यासोबत दुकानात आल्या. भाऊजी एका बाईंना माल दाखवत होते. जाऊबाईंनी काउंटरवरची बाटली उघडली, पट्टी बुडवली, नाकाखालून फिरवली.

"नाही बसलं," त्या म्हणाल्या. चेहरा आनंदाने फुलला होता. "नीलगिरी तिखट आलीय यंदा. दोन थेंब कमी करायला हवेत."

भाऊजींनी वर पाहिलं. "तुला वास येतोय?"

"येतोय! कालपासून येतोय."

"चला, बरं झालं," भाऊजी म्हणाले. "आता दूध तरी करपणार नाही." आणि त्या बाईंकडे वळून तीच बाटली पुढे करत म्हणाले, "घ्या ना, बिनधास्त घ्या. आमच्या मंडळींनी स्वतः हुंगून पास केलंय."

जाऊबाईंनी पट्टी काउंटरवर ठेवली. बाईंनी बाटली घेतली.

वाटेत मी भाऊजींचा एवढा उद्धार केला की माझाच घसा बसला. त्या आपल्या झपाझप पुढे चालत राहिल्या. घरी आल्या, कपडे बदलले, दूध तापायला ठेवलं आणि गॅससमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही बसा हो, मी बघते," मी म्हटलं.

"नको," त्या म्हणाल्या. "नाकाला तेवढंच काम दिलंय ना त्यांनी."

दूध वर आलं तसा त्यांनी गॅस बंद केला.