डब्यात भरलेली गावं

आटपाट गारखेडा होता. तिथं एक दिलीप राहायचा, म्हणजे माझा मुलगा. त्याची बायको सुनीता राहायची. आणि दोघांच्या ऑफिसला पुढचा हॉल देऊन मी मागच्या खोलीत राहायची. ऑफिस घरातच असलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. एकाचा चहा निवतो न निवतो तोवर दुसरा तयार.

काम होतं गावांच्या पाणीयोजनांचे नकाशे काढायचं. टाकी कुठं, विहीर कुठली, पाइप कुठून न्यायचा. पाऊस पाठ फिरवून बसलेला, त्यामुळं पाण्याच्या नकाशांना तोटा नव्हता, तोटा पाण्याचाच होता. बायपासकडं रोज नवीन बिल्डिंग उठायची आणि आमच्या गल्लीत टँकरची वाट बघणारे वाढायचे.

दिलीपनं वाळूजची नोकरी सोडून हे काढलेलं. किरकोळ कामं मिळत होती, पण त्यावर ऑफिस चालत नाही. त्यानं सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत मोठं काम नाही मिळालं तर घर भाड्यानं देऊ आणि पुण्याला जाऊ. आई, तूही."

"पुण्यात माझं कोण आहे?"

"आम्ही आहोत ना."

"तुम्ही इथंही आहात," मी म्हणलं, आणि भाजी निवडायला घेतली.

*

सगळे नकाशे एका काळ्या डब्यात राहायचे. त्याला सर्व्हर म्हणतात. इन्व्हर्टरची लाइन देवघरापाशी होती म्हणून डबा माझ्या देवांच्या शेजारी बसला. देवापुढं माझा एक दिवा, डब्याचे मात्र ओळीनं, आणि तेल न घालता.

उन्हाळ्यात सहज हात लावला तर डबा तव्यासारखा तापलेला. माठाला गुंडाळतो तसं ओलं फडकं मी त्याला छान गुंडाळलं.

दिलीप आला आणि मटकन खुर्चीत बसला. "आई, अख्खं ऑफिस आहे त्यात."

मागून सुनीता आली. तिनं फडकं काढलं, बादलीत पिळलं, आणि बघत राहिली. "आई, एवढं पाणी? टँकर परवा यायचाय."

*

गावांत नेट नसायचं. म्हणून निघायच्या आधी डब्यातले नकाशे लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायचे आणि गावात त्यावर काम करायचं. परत नेटमध्ये आलं की लॅपटॉप मोबाइलच्या नेटला जोडायचा, मग केलेलं काम आपोआप डब्यात चढतं. लॅपटॉपमध्ये जे होईल ते डब्यात होतं, डब्यात होईल ते बाकीच्या लॅपटॉपमध्ये. ह्याला सिंक म्हणतात.

दिलीपनं मला हे समजावलं तेव्हा मी नुसती मान हलवली. सुनीता म्हणाली, "आई, आपला नळ आठवड्यानं येतो. आला की भरून ठेवतो, मग नळ नसला तरी स्वयंपाक अडत नाही. तसंच हे."

लगेच कळलं. आमच्या घरात भरायची रीतसुद्धा ठरलेली. नळ आला की आधी शिळं पाणी झाडांना ओतायचं, भांडं विसळायचं, मग ताजं भरायचं. दिलीप चड्डीत होता तेव्हापासून हेच करत आलाय.

संध्याकाळी नेटचा जोर असायचा. तेव्हा दिवाणावर सगळे लॅपटॉप ओळीनं उघडून ठेवायचे, नळाखाली कळश्या ठेवाव्यात तसे. शेजारच्या लीलाबाई डोकावल्या. "काय चाललंय, आक्का?"

"गावं भरतोय," मी म्हणलं.

त्या दिवसापासून लीलाबाई माझ्याशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलतात.

*

आता भगवान. माझ्या बहिणीचा मुलगा, लासूर स्टेशनचा, भरघोस मिशीवाला, लग्न झालेला. गावं हिंडायचं काम त्याचं. माणूस लाखाचा, एकच खोड. दिलीपनं विचारावं, "भगवान, सिंक केलं का?" आणि त्यानं मान वर न करता म्हणावं, "व्हय दादा, झालं." मोबाइलवर तेव्हा क्रिकेट चालू असायचं. नेटचा सगळा पॅक तिकडं वाहून जायचा.

एकदा असाच न भरता एका गावात गेला. सरपंचांसमोर लॅपटॉप उघडला तर नकाशांची नावं सगळी दिसतायत, उघडत एकही नाही. नुसती नावंच उतरलेली.

सरपंच म्हणाले, "अहो, नाव तर दिसतंय आमच्या गावाचं. आत काय नाय व्हय?"

भगवान म्हणाला, "सरपंच, तुमच्या नळाचं तसंच हाय की."

तिथं त्याला मटणाचं जेवण मिळालं. दिलीपला हे कळलं तेव्हा त्यानं स्वतः जेवण सोडलं.

*

एक गाव होतं, त्यात टाकी कुठं बसवायची यावरून नवराबायकोचं जुंपलं. दिलीप म्हणे शाळेपाशी, सुनीता म्हणे मारुतीपाशी. दोघंही आपापले लॅपटॉप घेऊन वेगवेगळ्या गावांना गेले आणि नेट नसताना तोच नकाशा दोघांनी आपल्या मनासारखा केला.

परत आल्यावर डब्यापुढं पेच पडला. त्यानं एकाचाही पुसला नाही, दोन्ही ठेवले. एकाच गावाचे दोन नकाशे.

"डब्यानं बायकोचंही ऐकलं," सुनीता मला म्हणाली, पण आवाज हॉलपर्यंत जाईल असा.

कुठला ठेवायचा यावर आठवडाभर अबोला. निरोप माझ्याकरवी. 'आई, त्यांना सांगा चहा झालाय.' तेवढ्यात भगवाननं दोन्ही नकाशे छापून गावात नेऊन दाखवले. परत आला तो हसतच.

"मावशी, गावाला टाक्या लई आवडल्या. दोन्ही पाहिजेत म्हणतेत. म्हणाले, भांडण मिटवू नका."

*

मग ते मोठं काम आलं. सिल्लोडच्या पलीकडची, डोंगराकडची बरीच गावं. सगळ्यांचे नकाशे एका दिवशी साहेबांपुढं मांडायचे, पसंत पडले तर पुढची काही वर्षं बघायला नको. नाही पडले तर पुणं. घरात भाडेकरूसुद्धा बघून गेला होता. माझी खोली त्यानं जिम करायला मागितली.

नकाशे दाखवायच्या आदल्या दिवशी भगवान डोंगरातून परत यायचा होता. निघताना त्यानं फोन केला तेव्हा दिलीपनं त्याला झाडला. "नेटमध्ये आलास की पहिलं काम सिंक. नाही केलंस तर कामावर येऊ नको."

फोन ठेवला आणि दिलीप स्वतःचा लॅपटॉप उद्यासाठी तयार करायला बसला. लॅपटॉप गच्च भरलेला. तो घरच्या रीतीनं गेला. जुनं सगळं आधी ओतून टाकलं, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली, आता डब्यातून ताजं भरू म्हणाला. आणि आंघोळीला गेला.

डबा शहाणा. लॅपटॉपमध्ये झालं ते त्यानंही केलं. सुनीता गुलमंडीच्या बाजारातून परत आली, दिवाणावरचा आपला चालू लॅपटॉप बघितला आणि विचारलं, "माझी गावं कुठं गेली?"

दिलीपनं डबा तपासला. रिकामा. जुनं परत मिळायची सोय डब्यात असते म्हणे, पण ती जागा खाते म्हणून गेल्याच आठवड्यात त्यानं बंद केली होती. सुनीतानं डब्याची वायर उपसली आणि म्हणाली, "भगवानभाऊजींच्या लॅपटॉपमध्ये असतील, जाताना मीच भरून दिली होती. त्यांनी अजून सिंक केलं नसलं तर. केलं असलं तर त्यांचीही पुसली गेली."

फोन लागेना. मी देवापुढं हात जोडले. देवा, दिलीपचं बोलणं त्यानं आज तरी मनावर घेऊ नये.

अखेर भगवानचाच फोन आला. "दादा, फुलंब्रीत चहा घेतोय."

दिलीपनं फोन दोन्ही हातांनी धरला. "भगवान, सिंक केलं का?"

"व्हय दादा, झालं."

दिलीपनं फोन ठेवला आणि डोकं धरून बसला. सुनीता भिंतीला टेकली. "संपलं," दिलीप म्हणाला. "आई, बांधाबांध कर."

"अरे," मी म्हणलं, "त्याच्या 'झालं'वर तू कधीपासून विश्वास ठेवायला लागलास?"

भगवान आला. दिलीपनं दारातच लॅपटॉप हिसकावून घेतला आणि उघडला. गावं सगळी जागच्या जागी, विहिरींसकट. भगवान पायताण काढता काढता म्हणाला, "दादा, रागावू नको. मॅच लई रंगात आलती."

मोठ्या भावानं धाकट्याला असं मिठीत घेतलेलं मी दोघांच्याही लग्नात बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच लॅपटॉपवरून नकाशे दाखवले. काम मिळालं. भाडेकरूला सुनीतानं फोन करून सांगितलं, जिमला दुसरी जागा बघा. गारखेड्यातलं घर राहिलं, माझी खोली राहिली. हॉल मात्र गेला तो गेलाच, आता तिथं तीन टेबलं आणखी आलीत.

पेढ्यांचा बॉक्स उघडला. पहिला पेढा मी देवाला ठेवला, दुसरा डब्याला. दिलीपनं भगवानच्या हातावर पेढा ठेवला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "बाबा रे, आता तरी सगळं नव्यानं डब्यात चढव. आत्ताच्या आत्ता."

भगवाननं मोबाइलमधून मान वर केली नाही.

"व्हय दादा," तो म्हणाला, "झालं."