साडूंचं मशीन आणि मामींचा तहसीलदार

धडधाकट चालणारा कॉम्प्युटर ज्याला बघवत नाही असा साऱ्या मावळ तालुक्यात एकच माणूस आहे, आणि देवाने तो नेमका माझा साडू करून ठेवला आहे. लोणावळ्याला राहतात, तळेगावच्या एका कारखान्यात नोकरी करतात, आणि उरलेला सगळा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या मशीनमध्ये नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालण्यासाठी राखून ठेवलाय. स्कूटरच्या किल्लीला लोक गणपती लावतात. ह्यांच्या किल्लीला पेनड्राइव्ह. त्यात लिनक्स, आणि तेही एक नाही, चांगले चारपाच प्रकारचे. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी विचारणार, "रॅम किती?" यजमान बिचारा ही आजाराची चौकशी समजून "बरी आहे" म्हणतो, आणि तेवढ्यात साडू आतल्या खोलीत मशीनसमोर बसलेले असतात. मशीन सुरू होत असताना वैद्याने नाडी धरावी तसे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मान हलवतात आणि हळहळून म्हणतात, "मागे किती जण बसलेत बघा, फुकटचं खायला!" मग एकेका प्रोग्रॅमला नावानिशी हाकलून देतात. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो मी त्यांच्या स्वतःच्या लग्नातही पाहिलेला नाही, आणि मी पहिल्या पंगतीला होतो.

बाकीचे लोक "विंडो मारतात" किंवा "फॉरमॅट मारतात". साडूंना हे 'मारणं' अजिबात खपत नाही. "अहो साडूभाऊ, सिस्टिम मारायची नसते, बसवायची असते. गौरी बसवतात तशी." आणि बसवतातही तशीच. आधी स्क्रीन पुसणार, मग मांडी घालणार, मग आरास. चिन्हं कुठली, रंग कुठला, घड्याळ वर की खाली, ह्यावर घरच्या माणसांची मतं घेणार आणि शेवटी स्वतःला हवं तेच करणार. एकदा ऐन सीझनच्या रविवारी चिक्कीच्या दुकानात रांगेत उभे असताना त्यांना बिलाच्या कॉम्प्युटरचा रखडणारा कारभार सहन होईना. ते काउंटरच्या आत शिरले. दुकानदार ओळखीचा, शिवाय गर्दीने गांजलेला. त्याने नको म्हणेपर्यंत जुनी सिस्टिम पुसली गेली होती. संध्याकाळी मशीन वाऱ्यासारखं पळत होतं. "प्रिंटर तेवढा बोलत नाही अजून," साडू म्हणाले. त्यांच्या प्रत्येक मशीनमध्ये असा एक 'तेवढा' असतो. माझ्या लॅपटॉपला त्यांनी हात लावल्यापासून तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुरू होतो. आवाज तेवढा येत नाही. सिनेमे मी आता मूकपटासारखे बघतो आणि सवय झाली आहे.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती लोणावळ्याजवळच्या औंढ्याला. तिथे आमच्या दोघांच्या सासूबाई राहतात. आम्ही त्यांना मामी म्हणतो. मामंजी गेल्यापासून एकट्याच असतात आणि घरामागच्या दोन खोल्या लोणावळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना देतात. बुकिंग कॉम्प्युटरवर येतं. एकदा एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं एकदम दारात उभी राहिली आणि त्या दिवसापासून आमच्या बायकांनी, म्हणजे त्यांच्या दोन्ही मुलींनी, धोशा लावला की आईने आता हे बंद करून पुण्याला आमच्या फ्लॅटवर यावं. मामी म्हणाल्या, "खोल्या चालत्यात तवर मी हितंच." शेवटी असं ठरलं की पुन्हा घोळ झाला तर मात्र मुकाट्याने पुण्याला यायचं. साडूंनी छातीवर हात मारला आणि पेनड्राइव्ह काढला.

सिस्टिम बसली, मराठीतच बसली, पण मामी तिच्याकडे बघेनात. स्क्रीनवर लिहिलेलं असायचं, 'आपण या संगणकातून निर्गमन करू इच्छिता?' मामींनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "जावयबापू, आत ह्यो तहसीलदार कोन बसवलाय?" त्यांना वडगावच्या तहसील कचेरीत घातलेले हेलपाटे आठवले असावेत. दुसऱ्या कुणी 'सवय होईल' म्हटलं असतं. आमचे साडू हरखले. त्यांनी रजा टाकली, मशीनच्या पोटातली शब्दांची फाइल उघडली आणि एकेक वाक्य मावळच्या बोलीत लिहून काढलं. मशीन काम करू लागलं की म्हणायचं, 'दम धरा, करतोय न्हवं.' फाइल सापडली नाही तर, 'हितं न्हाई. कुटं ठिवली?' काही पुसायचं असेल तर, 'टाकून देऊ? मागनं बोंबलू नका.' आणि काम संपून बंद करायची वेळ आली की, 'झालं काम. जातो मी.' खाली बटण, 'जा.' मामी पदर तोंडाला लावून हसल्या आणि तहसीलदाराची बदली झाल्याचं त्यांनी शेजारणीला जाऊन सांगितलं.

काही आठवडे झकास गेले. मग ते मशीन रखडू लागलं. साडूंना हे म्हणजे आपल्या हातचं लाडकं वासरू चारा सोडून बसावं तसं झालं. त्यांनी रॅम वाढवली, डिस्क नवी घातली, आरास उतरवून सिस्टिम सडीफटिंग केली, पंखा खोलून आतलं कोळ्याचं जाळं काढलं. दर खेपेला दोन दिवस बरं आणि पुन्हा तेच. आणि एका जोडसुट्टीच्या शनिवारी, आम्ही सगळे औंढ्यात असताना, दारात पाहुण्यांची गाडी येऊन थांबली आणि मशीन गोठलं. कुठली खोली कुणाला, ते फक्त त्यालाच ठाऊक. माझ्या बायकोने बॅग काढली आणि आईची लुगडी भरायला घेतली. मामी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

साडूंच्या कपाळावर घाम. त्यांनी काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं आणि ते बघतच राहिले. मशीन शेवटच्या दुरुस्तीपासून महिनाभर एकदाही बंद झालेलं नव्हतं आणि मागे फुकट खाणाऱ्यांची जत्रा भरली होती.

"मामी, रात्री हे बंद नाही करत?"

"टावेल टाकते की वर. निजवते."

"पण 'जा' का नाही दाबत?"

मामी वळल्या नाहीत. "दिवेलागणीला घरातनं 'जातो' म्हनत्यात व्हय कुनी? आनि मी त्याला 'जा' म्हनू? आमचं मालक जलमभर 'येतो' म्हनून भाईर पडलं. एकदाच 'जातो' म्हनलं, दवाखान्यात जाताना."

बायकोचा हात बॅगेत तसाच राहिला. साडूंनी ती शब्दांची फाइल उघडली, दोन शब्द बदलले, आणि खुर्ची मामींना दिली. स्क्रीनवर आलं, 'झालं काम. येतो मी.' खाली बटण, 'ये.' मामींनी ते वाचलं, बोटाने हळूच दाबलं, आणि मशीन महिन्याभराची झोप काढायला गेल्यासारखं शांत झालं. पुन्हा चालू केलं तेव्हा इतक्या चपळाईने उठलं की साडूंना घड्याळ बघायचंही भान राहिलं नाही. अडकलेले बुकिंगचे सगळे निरोप भराभर उतरले. दारातले पाहुणे डावीकडच्या खोलीतले निघाले. लुगडी बायकोनेच परत कपाटात ठेवली.

त्या चिक्कीवाल्याचा प्रिंटर अजून बोलत नाही, माझा लॅपटॉप अजून मुका आहे, आणि साडू अजून लोकांच्या घरात रॅम विचारत शिरतात. मी पूर्वी त्यांना फार चिडवायचो. आता जरा कमी चिडवतो. परवा औंढ्याहून संध्याकाळी निघताना उंबऱ्यात उभा राहून मामींना म्हटलं, "येतो." त्याच वेळी आत त्यांनी काम आटोपून बटणावर बोट ठेवलेलं. मान न वळवता त्या म्हणाल्या, "ये बाबा, सकाळी ये."

मी पुण्याचा, सकाळी कुठला येणार? तरी गाडीत बसेपर्यंत मी ते माझ्यासाठीच होतं असं धरून चाललो.