कौतुकाचा अर्धा तास

डार्ला ओस्टरमनच्या हातात कात्री असली की तिचं लक्ष कुठेही हलत नसे. गिऱ्हाइकाच्या कानामागचा वळसा, मानेवरची बारीक लव, डाव्या बाजूला हट्टानं उभा राहणारा झुबका, सगळं तिला दिसायचं. कात्री खाली ठेवली की मात्र तेच लक्ष दावं सुटलेल्या वासरासारखं गावभर हुंदडायचं. लिंडेन फॉल्समधल्या तिच्या सलूनबाहेर तिची गाडी कितीदा तरी इंजिन चालू ठेवून उभी असे. गाव ओहायोतलं, त्यातून सज्जन. येणारा-जाणारा कोणीतरी गाडी बंद करून चावी आत टेबलावर आणून ठेवायचा. "पेट्रोल महाग झालंय हो, डार्ला," एवढंच म्हणायचा.

लहानपणी ती सहावीत दोनदा बसली होती. त्या काळी तिकडे या प्रकाराला दोनच नावं होती. मुलगा असला तर वांड आणि मुलगी असली तर वेंधळी. आता त्याला लक्ष न टिकण्याचा विकार असं रीतसर नाव आहे, आणि डॉक्टरांनी ते डार्लाच्या मुलीला, जोलीला, दिलं.

"हे बऱ्याचदा आईवडिलांकडून येतं," डॉक्टर डार्लाकडे बघत म्हणाले.

डार्ला भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्यात गुंग होती. "छे, तिचा बाप फार नीटनेटका होता," ती तक्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "म्हणून तर गेला."

जोलीला गणित यायचं. फक्त वेळेत यायचं नाही. एप्रिलमध्ये राज्याची परीक्षा होती आणि त्यात गणित राहिलं तर जोलीला पुन्हा सहावीत बसावं लागणार होतं. परीक्षेला दीडपट वेळ मिळाला असता तर पोरगी तरली असती, हे शाळेतल्या सगळ्यांना मान्य होतं. दुसऱ्या वर्षीची सहावी कशी असते ते डार्लाला पाठ होतं. बाकं तीच, बाई त्याच, आणि आजूबाजूला धाकट्या भावाचे मित्र.

तशी शाळा सवलतींच्या बाबतीत उदार होती. गणिताच्या हॅवरकँप सरांच्या निम्म्या वर्गाला पहिल्या रांगेत बसायची सवलत होती, आणि पहिल्या रांगेत बाकं सहा. सरांनी शेवटी सगळी बाकं गोलात मांडली, म्हणजे सगळ्यांचीच रांग पहिली. त्या गोलाच्या मधोमध उभं राहून ते फळ्याकडे जायची वाट शोधत असत. ज्यांना परीक्षेला शांत खोली मंजूर होती ती मुलं इतकी झाली होती की त्या खोलीत बाजार भरायचा आणि रिकाम्या पडलेल्या वर्गात उरलेली तिघं-चौघं शांतपणे पेपर सोडवायची.

जोलीला मात्र यातलं काहीच नव्हतं. खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलीचा कोणाला त्रास होत नाही, त्यामुळे तिची कोणाला घाईही नव्हती. वेळेची सवलत हवी तर आई, शिक्षक, उपमुख्याध्यापिका आणि चार शाळांत फिरणाऱ्या मानसतज्ज्ञ बाई यांनी एका टेबलाशी अर्धा तास बसायचं, अहवाल वाचायचा आणि सह्या करायच्या. तोंडी काही चालत नाही.

पहिल्या बैठकीची तारीख डार्लानं तळहातावर लिहिली. केस धुणाऱ्या बाईनं तळहातावर काही लिहू नये. दुपारपर्यंत ती तारीख कोणाच्या तरी शांपूबरोबर मोरीत गेली. दुसऱ्या बैठकीला ती अगदी वेळेवर पोचली, पण जोलीच्या जुन्या प्राथमिक शाळेत. ऑफिसमधल्या बाईंशी गप्पा मारता मारता तिनं त्यांच्या कपाळावरचे केस कसे कापायला हवेत तेही सांगितलं. जोलीनं ती शाळा केव्हाच सोडली होती, हे दोघींनाही उशिरा आठवलं.

तिसरी बैठक मार्चमध्ये होती, परीक्षेआधीची शेवटची. त्या दिवशी डार्लानं सलून बंद ठेवलं आणि शाळा उघडायच्या आधीच दाराशी जाऊन उभी राहिली.

उपमुख्याध्यापिका मिसेस लंडी यांनी टेबलावर कोंबडीच्या आकाराचं, वेळ संपली की वाजणारं स्वयंपाकघरातलं घड्याळ ठेवलं आणि अर्ध्या तासावर फिरवलं. "राग मानू नका, डार्ला. प्रुइट बाईंना इथून थेट दुसऱ्या शाळेत जायचंय."

प्रुइट म्हणजे मानसतज्ज्ञ. अंगातला कोट त्यांनी काढलाच नव्हता.

"आपल्या पद्धतीप्रमाणे आधी मुलीचे चांगले गुण," मिसेस लंडी म्हणाल्या. "सर, तुम्ही सुरू करा."

ही पद्धत डार्लाला ठाऊक नव्हती. शाळेतल्या बैठकीत तक्रारी असतात एवढंच तिला माहीत. ती पर्स छातीशी धरून, मार खायच्या तयारीनं बसली होती.

हॅवरकँप सर घसा साफ करून म्हणाले, "मी गणित घातलं होतं. दोन आगगाड्या समोरासमोरून निघाल्या, कुठे भेटतील? सगळी पोरं आकडेमोड करतायत आणि जोली विचारते, सर, दोन्ही गाड्या एकाच रुळावर आहेत का? म्हटलं, हो. तर म्हणते, मग त्यांना कोणीतरी कळवा ना."

प्रुइट बाई हसल्या. डार्ला हसली नाही. तिनं डोळे पुसले. "असं म्हणाली?"

"खरंच म्हणाली. वर्षभरात मला इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नाही."

"ती तशीच आहे हो," डार्ला म्हणाली, आणि तिथून जी सुटली ती सुटलीच. जोलीला गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची नावं कशी पाठ आहेत, शेजारच्या म्हाताऱ्याचा कुत्रा मेल्यावर ही रोज ठरल्या वेळी म्हाताऱ्याबरोबर रिकामा पट्टा घेऊन कशी फिरायला जायची, घरात चमचा जागेवर ठेवत नाही पण कोणाचा आवाज बदलला की हिला आधी कळतं. मग हॅवरकँप सरांना आणखी एक आठवलं. मग मिसेस लंडींना त्यांचा स्वतःचा मुलगा आठवला, त्याचंही असंच होतं. प्रुइट बाईंनी दोनदा फाइल उघडली आणि दोनदा, गोष्ट ऐकता ऐकता, मिटली. त्या शाळेत डार्लाबद्दल किंवा तिच्या रक्ताच्या कोणाबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोललं जात होतं. ते थांबवणं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

कोंबडी वाजली.

प्रुइट बाई उभ्या राहिल्या. "अहवाल वाचायचा राहिला की."

"मग वाचा ना," डार्ला म्हणाली. "पाच मिनिटं जास्त घ्या."

"तिकडे दुसरी आई येऊन बसली असेल. न वाचता सही केली तर उद्या तीच सवलत रद्द होते."

"जास्तीचा वेळ मागायला तर आलेय मी."

मिसेस लंडींनी पुढची तारीख मे महिन्यातली दिली. त्याच्या आत प्रुइट बाईंना वेळ नव्हता.

दुपारी जोली शाळेतून थेट सलूनमध्ये आली. "किती वेळ मिळाला?"

"अर्धा तास."

"मला?"

"नाही गं, मला." डार्लानं तिला खुर्चीत बसवलं आणि तिचे केस विंचरत बैठकीतलं सगळं सांगितलं. कधी नव्हे ते तिला शब्दन् शब्द आठवत होता. "सर म्हणाले, इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नाही. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. आई, बाहेर बिस्किट आलाय. एका पायानं लंगडतोय."

"कुठे?" डार्लानं फणी ठेवली आणि दोघी कुत्रा बघायला काचेशी गेल्या.

एप्रिलच्या परीक्षेत जोलीनं जेवढी गणितं सोडवली तेवढी सगळी बरोबर आली. अर्ध्याहून थोडी कमी होती.

मेमध्ये डार्ला बैठकीला वेळेवर, योग्य शाळेत पोचली. कोंबडी फिरवली गेली. "सुरुवात चांगल्या गुणांपासून," मिसेस लंडी म्हणाल्या.

"ते राहू द्या, बाई," डार्ला म्हणाली.

प्रुइट बाईंनी अहवाल वाचला, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि दीडपट वेळ एकमतानं मंजूर झाला. पुढच्या वर्षीच्या सहावीसाठी. बराच वेळ शिल्लक होता. त्याचं काय करायचं कोणालाच सुचेना, म्हणून कोंबडी वाजेपर्यंत चौघंही तशीच बसून राहिली. डार्लाची गाडी खाली चालूच होती.