आण्णांची विलायती कॅसेट

ती कॅसेट आमच्या घरात आली तेव्हा मी नववीत होते. दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या समोरच्या ओळीत एक आंटी राहायच्या. घरात इंग्रजी बोलणाऱ्या, फुलाफुलांचे फ्रॉक घालणाऱ्या, नाताळात आख्ख्या ओळीला केक पाठवणाऱ्या. त्यांचे मिस्टर इंजिन ड्रायव्हर होते. ते वारल्यावर मुलीनं आंटींना ऑस्ट्रेलियाला बोलावून घेतलं. जायच्या आधी त्यांनी सामान वाटून टाकलं. कुणाला पलंग दिला, कुणाला शिलाई मशीन. माझ्या वडिलांनी त्यांचा अंगणातला नळ वर्षानुवर्षं दुरुस्त करून दिला होता, म्हणून आम्हाला व्हीसीआर मिळाला. त्याच्या आत एक कॅसेट अडकलेली होती. ती निघेना, तेव्हा आंटी म्हणाल्या, "राहू द्या. तीपण तुमचीच."

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. ते लोको शेडला खलाशी होते, इंजिनांच्या दुरुस्तीत हाताखालचं काम करणारे. मॅट्रिक झालेले, पण बापजाद्यांत शाळेची पायरी चढलेलं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं इंग्रजी राहूनच गेलं होतं. त्या वर्षी खलाशांमधून क्लार्कच्या जागा भरायच्या होत्या. आधी लेखी परीक्षा, मग साहेबांपुढं इंग्रजीत तोंडी. लेखीची आण्णांना भीती नव्हती. तोंडीची होती.

घरी आण्णांनी झाकण उघडून कॅसेट सोडवली. तिच्यावर लेबल नव्हतं. लावली तर एक जुना विलायती विनोदी कार्यक्रम निघाला. सूटबूट घातलेले उंच पुरुष अतिशय गंभीर चेहऱ्यानं वेड्यासारखं वागायचे. त्यातलेच काही बायकांचे कपडे घालून किरट्या आवाजात भांडायचे. एक साहेब पोस्टात जाऊन काउंटरवर आडवा व्हायचा आणि मला पार्सल करा म्हणायचा. कारकून त्याच्या कपाळावर तिकीट चिकटवायचा आणि वजन टोपीसकट धरायचं की टोपीवाचून यावर दोघांचं वाजायचं. जरा कुठं रंगात आलं की प्रसंग मधेच तुटायचा आणि दुसरंच काहीतरी सुरू व्हायचं. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, कॅसेट खराब आहे.

आण्णांनी ती तीन वेळा पाहिली आणि चौथ्या रविवारी वही-पेन्सिल घेऊन बसले.

आई म्हणाली, "आवं, ही येडी माणसं हायेत. ह्यांच्याकडून काय शिकताय?"

"करतेत ते येडं हाय," आण्णा म्हणाले, "पण बोलतेत ती इंग्रजी खरी हाय ना?"

मग दर रविवारी दुपारी जेवण झालं की मी बटण दाबायला बसायचे. एक वाक्य झालं की थांबव, मागं घे, परत लाव. आण्णा ते देवनागरीत उतरवून घ्यायचे आणि पाठ करायचे. शेडवरून येताना सायकलवर पुटपुटत यायचे. कॅसेटमधली माणसं हसायची तेव्हा ते हसायचे नाहीत. त्यांचं सगळं लक्ष शब्दांवर असायचं. मी मात्र हसायचे, आणि आता कबूल करायला हरकत नाही, पुष्कळदा त्यांच्याकडंच बघून हसायचे.

त्यात एक प्रसंग नोकरीच्या मुलाखतीचा होता. साहेब उमेदवाराला बसा म्हणतो. उमेदवार टोपी काढून अदबीनं म्हणतो, "इफ द चेअर हॅज नो ऑब्जेक्शन, सर." म्हणजे खुर्चीची हरकत नसेल तर. मग तो खरंच वाकून खुर्चीला विचारतो, कान लावून उत्तर ऐकतो, पडेल चेहऱ्यानं सरळ होतो आणि सगळी मुलाखत उभ्यानंच देतो.

आण्णांना त्यातला नेमका शब्द ठाऊक नव्हता. त्यांनी मला विचारलं, "ह्ये ऑब्जेक्शन काय गं? हा खुर्चीवाला काय म्हणतोय?"

मला अर्थ माहीत होता. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी शिकवलेला शब्द होता. तरी मी म्हणाले, "आण्णा, ते आदरानं म्हणायचं असतं. साहेबानं बसा म्हटलं की असंच म्हणतात."

का म्हणाले, ते सांगता येत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला बापाची गंमत करावीशी वाटली, इतकंच. संध्याकाळी खरं सांगू असं ठरवलं होतं. संध्याकाळी मैत्रीण आली आणि विसरले. मग ते वाक्य त्यांना इतकं पाठ झालं की सांगायची हिंमत होईना.

लेखी झाली. मी दहावीत गेल्यावर तोंडीचं बोलावणं आलं. आण्णा पांढरा शर्ट घालून सोलापूरला गेले आणि दुसऱ्या दिवशी आले. मी दारातच विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं. साहेब बसा म्हनला, मी आपलं म्हनलं खुर्चीचं. लई हसला बाबा. चष्मा काढून डोळं पुसलं त्यानं. बाजूच्याला पन सांगितलं." आण्णा पाणी प्यायले. "हसला म्हंजी खूश असंल न्हाई?"

मी हो म्हणाले.

महिन्या-दीड महिन्यानं एकदा ते शेडवरून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "आपलं न्हाई झालं." एवढंच. त्यांनी वही कपाटावर ठेवली आणि त्यानंतर कॅसेट कधी लावली नाही. मी दहावी पास झाले, बारावी झाले, बी.कॉम. झाले. आण्णा खलाशी म्हणूनच रिटायर झाले. खुर्चीची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. लग्नानंतर नवऱ्यालासुद्धा नाही.

लग्न होऊन मी कारेगावला आले. रांजणगावच्या एका कंपनीत मला डिस्पॅचला, माल बाहेर पाठवायच्या खात्यात, कॉम्प्युटरवर काम होतं. नवरा दुसऱ्या कंपनीत, शिफ्टमध्ये. दोन खोल्या, वर पत्रा. आण्णा रिटायर झाले त्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दौंडच्या दवाखान्यातून सोडल्यावर मी त्यांना आणि आईला कारेगावला आणलं. गाडी पाटस, वरवंड करत चौफुल्यावरून शिरूरकडं वळली, तोवर आण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. वरवंडला उसाच्या ट्रॉल्यांमुळं गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "आण्णा, चहा?"

ते म्हणाले, "मंगळवार."

तेवढा एकच शब्द त्यांच्याकडं उरला होता. भूक लागली की मंगळवार, लघवीला मंगळवार, राग आला की मंगळवार मंगळवार. पहिले चार दिवस आई पदर तोंडाला लावून रडायची. नंतर तीही सवयीनं ओळखायला लागली, कुठला मंगळवार जेवणाचा आणि कुठला औषधाचा. मी रडले नाही. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, डबा करायचा, कंपनीच्या बसला उभं राहायचं, आल्यावर परत त्यांचं करायचं. बसमधल्या बाया विचारायच्या, "वडील कसे हायेत?" मी म्हणायचे, "बरे आहेत." चहात साखर आहे की नाही हे मला तेव्हा कळत नव्हतं. ग्लास रिकामा झाला म्हणजे चहा संपला.

मग पौर्णिमा आली. आईनं मेणबत्ती लावली, हात जोडले आणि वंदना सुरू केली, तर मागून आण्णांचा आवाज आला. आख्खं त्रिसरण, पंचशील, एक अक्षर न चुकता, आईच्या बरोबरीनं. नवरा बाहेरून धावत आला. वंदना संपल्यावर आईनं विचारलं, "आवं, बोलता येतंय की! पानी देऊ?"

"मंगळवार," आण्णा म्हणाले.

शिरूरच्या डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, बोलणं वेगळं आणि पाठांतर वेगळं. पाठ असलेलं कधीकधी शाबूत राहतं. "त्यांना आणखी काही पाठ असेल तर ऐकवत राहा. उपयोग होईलच असं नाही. पण ऐकवा."

आण्णांना आणखी काय पाठ होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला होता आणि कॅसेटच्या फितीला बुरशी लागली होती. आमच्या कंपनीच्या क्वालिटी विभागात लखनौकडचा एक इंजिनियर होता. त्याच्याकडं इंग्रजी सिनेमांचा ढीग असतो असं ऐकून होते. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला तो पार्सलचा प्रसंग सांगितला. त्याला चटकन कळलं. दुसऱ्या दिवशी डीव्हीडीचा आख्खा डबा घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, ये आपको कहाँ से पता? ये तो हमारे हॉस्टल में भी चार लोग देखते थे."

"मेरे फादर देखते थे," मी म्हणाले.

रविवारी दुपारी नवऱ्यानं आण्णांना उशा लावून बसवलं. मी डीव्हीडी लावली. या वेळी खाली अक्षरं येत होती. मी वाचत गेले आणि लक्षात आलं, आम्ही कितीतरी वाक्यं चुकीची ऐकली होती. आण्णांच्या वहीत जे शब्द होते ते कुठल्याच भाषेत नव्हते. पंधरा वर्षांपूर्वी ज्यावर मी पोट धरून हसले होते ते सगळं डोळ्यांपुढून गेलं. पोस्टातला साहेब काउंटरवर आडवा झाला. किरट्या आवाजाच्या बायका भांडल्या. नवरा खो खो हसत होता. मला त्यातलं काय हसण्यासारखं आहे ते कळत होतं, पण हसू येत नव्हतं. पाय बधिर झाल्यावर आपण त्याला चिमटा काढून बघतो, तसं मी बघत होते.

दुसऱ्या डीव्हीडीत मुलाखत आली. साहेब बसा म्हणाला. आणि उमेदवारानं तोंड उघडायच्या आत पलंगावरून आवाज आला, "इफ द चेअर हॅज नो ऑब्जेक्शन, सर."

स्वच्छ. शब्दन् शब्द. डावा हात डोक्याकडं गेला, टोपी काढल्यासारखा.

आई उठून उभी राहिली. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. "आण्णा, परत म्हणा!" मी रिमोटनं मागं घेतलं. परत म्हणाले. पाच वेळा मागं घेतलं, पाचही वेळा म्हणाले. टीव्ही बंद केला आणि विचारलं, "आण्णा, काय म्हणालात आत्ता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मंगळवार."

नवरा सेकंड शिफ्टला गेला. आई मागच्या दारात वाटाणे सोलायला बसली. मी पलंगाच्या कडेला बसून आण्णांना सांगितलं. "आण्णा, ते आदराचं नव्हतं. खुर्चीचं. मी खोटं सांगितलं होतं. चेष्टा केली होती. तुमची तोंडी माझ्यामुळं गेली." इतकी वर्षं वाटायचं की हे बोलताना काहीतरी फुटेल. काही झालं नाही. कंपनीत गाडीचा नंबर वाचून दाखवावा तसं बोलले. आण्णा ऐकत होते की नुसते बघत होते, कळलं नाही. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली होती ती मी पुसली.

दारातून आई म्हणाली, "कशानं गेली म्हनतीस?"

तिनं सगळं ऐकलं होतं. मी परत सांगितलं.

"येडे," आई म्हणाली, "तोंडी कुठं गेली हुती? पास झाल्ते की. नाव आल्तं."

मी पलंगावरून उठले.

"भुसावळला टाकलं हुतं. माझं तवा पोटाचं आपरेशन ठरल्यालं आन् तुझी धाव्वी. म्हनले, आत्ता हिची शाळा मोडली तर पुन्हा कवा जोडायची. लिहून दिलं मला बढती नको म्हनून. तुला सांगू नको म्हनले. पोरीच्या डोक्यावर वझं नको." ती वाटाणे सोलतच होती. "तो हसनारा साहेब तर चांगला हुता. निरोप धाडला त्यानं दोनदा, फेरविचार करा म्हनून."

मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि शेंगा घेतल्या. पंधरा वर्षं जे माझ्यामुळं झालं असं धरून चालले होते ते तसं नव्हतं. दुसऱ्याच तऱ्हेनं ते माझ्यामुळंच होतं. हलकं वाटायला हवं होतं किंवा जास्त जड. मी शेंगा सोलत राहिले. आई म्हणाली, "किडकं बाजूला टाक गं." मी टाकलं.

नंतर महिनाभर आम्ही ती डीव्हीडी रोज लावली. आण्णा रोज म्हणायचे, पण तेवढ्याच जागी. त्यातून ना पाणी निघालं, ना भाकर. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, निदान आवाज तरी चालू राहतो. इंजिनियरला डबा परत केला तेव्हा त्यानं विचारलं, "फादर को मज़ा आया?"

"हाँ," मी म्हणाले.

दिवाळीनंतर आई म्हणाली, आता आम्हाला आमच्या घरी सोड. रिटायर झाल्यावर त्यांनी दौंडला दोन खोल्या घेतल्या होत्या, विहाराच्या मागं. तिथं आण्णा अजून दीड वर्ष होते. नवीन दोन शब्द आले, "पाणी" आणि "नको". खुटबावचा माझा मामा दर आठवड्याला येऊन त्यांची दाढी करायचा. ते गेले तेव्हा मी कंपनीत होते. मामाचा फोन आला, मी हातातलं मालाचं चलन पूर्ण केलं, प्रिंट काढली, ड्रायव्हरची सही घेतली आणि मग सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, "अहो मॅडम, तुम्ही आधी का नाही बोललात?"

शिरूरला दौंडची एस.टी. उभीच होती. मला खिडकीजवळ जागा मिळाली.