फाले म्हणजे फाल्या नव्हे

भागोजीआप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला, मराठीही गेली. हात हळूहळू परतायला लागला, मराठी काही आली नाही. मांडवीला मुलाच्या घरी खाटेवर बसून दिवसभर ते तीनच शब्द बोलायचे. निऊ. वाय. फाले.

आता हे शब्द आमच्याकडे कुणाच्याही कानावर पडले तर तो काय समजेल? निऊ म्हणजे नेऊ. वाय म्हणजे वाईच, थोडंसं. आणि फाले म्हणजे फाल्या, उद्या. घरच्यांनीही तेच समजून घेतलं. जेवताना आप्पा "वाय, वाय" करायला लागले की सून राजश्री पेज कमी वाढायची. "फाले" म्हणाले की मुलगा दर्शन समजूत काढायचा, "होय आप्पा, फाल्या. फाल्या नेऊ हां." त्यावर आप्पा डाव्या हाताने पेला भिरकावायचे. रोजचं झालं हे. शेवटी सगळ्यांनी मनाशी धरलं की म्हाताऱ्याचं डोकं गेलं.

डॉक्टर तसं बोलले नव्हते. ते "वाट बघा" म्हणाले होते. पण वाट बघायलाही घरात माणूस लागतं. दर्शन-राजश्री दोघंही नोकरीवर, आणि आप्पांच्या बायकोला, यमुनाबाईंना, एकटीने त्यांना सावरता येईना. दर्शनने पनवेलच्या पुढे अशा माणसांना ठेवून घेणारी एक संस्था शोधली, गाडीही ठरवली. गाडी यायच्या सकाळी यमुनाबाईंचा मला फोन.

"ताई, यांना नेतायत. तुम्ही या."

मी खलाशांच्या घरच्यांची कामं करते. बोटीवर माणूस आजारी पडला आणि एजंट फोन उचलेना, की लोक माझ्याकडे येतात. तिथे गेले ती भांडायच्याच तयारीने.

"काय रे, बापाला टाकायला निघालास?" दारातूनच विचारलं.

"ताई, तुम्ही आठवडाभर इथे राहा," दर्शन पिशवी भरता भरता म्हणाला. "चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि हे पेले फेकतायत. मग बोला."

"मी असते तर तुझ्या डोक्यात फेकला असता."

"आप्पांचापण नेम तोच असतो. डावा हात आहे म्हणून चुकतो."

खरं तर तो रडवेला झाला होता. त्यामुळे मला आणखीच राग आला. रडवेल्या माणसाशी धड भांडता येत नाही.

तेवढ्यात खालचा शहाळीवाला रघू शहाळं देऊन गेला. प्रवासात बरं म्हणून राजश्रीने मागवलं होतं. ते बघताच आप्पा पुढे सरकले, डावा हात त्यावर फिरवला आणि म्हणाले, "निऊ."

"नेऊ हां, आप्पा. गाडी येतेच आहे," दर्शन म्हणाला.

आप्पांनी शहाळ्यावर थाप मारली. "निऊ." परत थाप. "निऊ."

यमुनाबाई कोपऱ्यात त्यांच्या बंडीची घडी घालत होत्या. त्या थांबल्या.

"ओ," त्या म्हणाल्या, "तुम्ही बोटीवरचं बोलताय काय?"

आप्पांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की आत्ता कुठे उजाडलं तुला.

पूर्णगडचा हा माणूस तरुणपणी ज्या मालवाहू बोटीवर लागला, ती तिकडे लांब सामोआच्या बेटांमधून फिरायची. बरोबरचे बहुतेक खलाशी तिथलेच. आप्पांचं इंग्रजी "येस सर"पुढे कधी गेलं नाही. पण किनाऱ्यावर उतरून बघतात तर नारळ, केळी, अळू, नीरफणस. माणसं परकी, परसदार मात्र आपलंच. मग ते एकेका झाडाला हात लावून नाव विचारत सुटले; नारळ म्हणजे निऊ. झाडांवरून जेवणावर आले, जेवणावरून झोपण्या-उठण्यावर. कितीतरी वर्षं त्यांच्या तोंडात तीच भाषा होती. रजेवर घरी आले की नीरफणसाला "उलू" म्हणायचे. एकदा मेव्हण्याला त्याची कापं वाढताना "उलू घे" म्हणाले, तो "उल्लू" ऐकून पानावरून उठला. यमुनाबाईंनी तंबी दिली, तेव्हापासून घरात ती भाषा बंद. दर्शनच्या कानावर ती कधी पडलीच नव्हती.

"उलू?" यमुनाबाईंनी आता भीत भीत विचारलं.

आप्पा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. मग खिडकीतून दक्षिणेकडे, पूर्णगडच्या बाजूला बोट दाखवून म्हणाले, "उलू. फाले."

दर्शनच्या हातातली पिशवी खाली गेली. मी बुरोंडीच्या अनिलना फोन लावला. त्या बोटीवर ते आप्पांच्या हाताखाली होते. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"अनिलदादा, वाय म्हणजे काय हो?"

"वाय? पाणी. का हो?"

राजश्रीने तोंडावर हात ठेवला. जेवताना माणूस पाणी मागत होता आणि ती त्याची पेज कमी करत होती. धावत जाऊन तिने तांब्याच आणला. आप्पा पेला भरभरून प्यायले. फेकला नाही.

"आणि फाले?" दर्शनने विचारलं.

"फाले म्हणजे घर, बाबा. आप्पा बरे आहेत ना?"

"बरे आहेत," दर्शन म्हणाला. "डोकं जाग्यावर आहे त्यांचं. आमचंच नव्हतं."

मी खाली पडलेली पिशवी उचलून त्याला दिली.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. दर्शनने खिडकीतून वाकून ड्रायव्हरला सांगितलं, "पनवेल रद्द. पूर्णगडला चल." यमुनाबाईंनी तोवर जाऊबाईंना, गंगुबाईंना, फोन करून ओटीवर खाट टाकायला सांगितलं होतं. "तिथे जिना नाही," त्या मला म्हणाल्या. "उचलायला भावकी आहे. ह्यांना काय हवं ते कळलं, की माझ्याच्याने होईल."

आप्पा आता पूर्णगडला ओटीवर बसतात, समोर नीरफणस. मराठी परतते आहे. पहिला शब्द आला तो "मेल्या", दर्शनला उद्देशून. यमुनाबाई त्यांना "वाय घ्या नि गप मोये करा" म्हणतात, म्हणजे पाणी प्या आणि झोपा.

परवा मी गेले तेव्हा मैना कोळीण दारात आली होती. टोपलीत आप्पांच्या आवडीची मासळी नव्हती. "फाल्या आणते हां, आप्पा," ती म्हणाली.

आप्पांनी डाव्या हाताने ओटीच्या खांबावर थाप मारली.

"फाले," त्यांनी तिला समजावून सांगितलं.