डॉक्टर म्हणाला, भाकर बंद

हैदराबाद भारतात सामील होऊन दोनेक वर्षं झाली होती. आमची प्लाटून औरादजवळ तंबू ठोकून होती. मी वायरलेसवर होतो. सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे, आवाज असा की तंबूच्या मेखा हलाव्यात. त्या उन्हाळ्यात त्यांना मधुमेह निघाला. भाकरी, भात, साखर सगळं बंद. पावसाळ्यानंतर मेडिकल बोर्ड होतं. साखर उतरली नाही, तर नोकरी संपली.

"घरी जाऊन मी ओरडू कुणावर?" साहेब म्हणायचे. आम्ही हसायचो, पण त्यांचं तोंड उतरलेलं असायचं.

कुक नागप्पाने त्यांना ताब्यात घेतलं. तो जवळच्याच चिंताकी गावचा. रेशनमधल्या चीजच्या डब्यांना जवान हात लावत नसत. नागप्पाने एक डबा फोडला. तव्यात तूप, कांदा, हिरवी मिरची, त्यावर अंडी. वरून चीज किसलं, झाकण ठेवलं. पीटीची शिट्टी व्हायच्या आत न्याहारी तयार!

"साबण कशाला किसतोस रे?"

"साबण न्हाई साहेब, चीज हाय. डॉक्टर भाकर बंद म्हणालाय, चव बंद म्हणाला न्हाई."

साहेबांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. मग तेच रोजचं झालं. साहेब चोरून भाकरी मागतील म्हणून नागप्पा पिठाच्या पेटीवरच बसायचा. आम्हाला दोघांची फार गंमत वाटायची.

श्रावणात मांजरा नदी फुगली. सकाळी सेटवर ऑर्डर आली. "पलीकडच्या वाडीत माणसं अडकलीत. बोट घेऊन निघा. ओव्हर."

साहेब तसेच निघाले. नागप्पा डबा घेऊन नदीपर्यंत मागे आला.

"उपाशी कामून निघालाव? आधी खावा."

"अरे, माणसं बुडतायत!"

"चक्कर येऊन तुमीच पडलाव, तर त्यांना कोन काढायचं?"

साहेबांनी उभ्याउभ्या चार घास खाल्ले आणि बोटीत चढले.

बोटीचा दोर आम्ही काठच्या बाभळीला बांधला होता. शेवटच्या फेरीला साहेब, दोन बाया आणि त्यांची लेकरं मधोमध असताना गाठ सुटली. दोर सरसर पाण्यात गेला. नागप्पा सगळ्यांत जवळ होता. त्याने उडी घेतली, टोक धरलं आणि आमच्याकडे फेकलं. आम्ही बोट ओढून घेतली. सगळे वाचले. वळून पाहिलं, तर नागप्पा दिसेना. दुसऱ्या दिवशी त्याचा देह बराच खाली सापडला.

दसऱ्याच्या सुमारास बोर्ड झालं. साहेबांचे कागद घेऊन मी मागे उभा होतो. डॉक्टर खूश होते.

"साखर उतरलीय, सुभेदार. नोकरीत राहा. पथ्य कुणी सांभाळलं?"

साहेब सावधानमध्ये उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले,

"कुक नागप्पा, सर. त्याला पोहता येत नव्हतं."